घरच्या घरी लिंबाचे तरतरीत कॉकटेल कसे बनवावे?

आपला प्रश्न असा आहे की जिन, लिंबू, साखर आणि सोडा एवढेच साहित्य असूनही घरी केलेले कॉकटेल कधी दात आंबवणारे, तर कधी अगदी पाणचट का होते, आणि शेकर नसताना ते नीट जमवता येईल का. ते नक्की जमते. मात्र बहुतेक जण लिंबाच्या प्रमाणाचाच विचार करत बसतात आणि बर्फाकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होते.

आपण वर्णन केलेले पेय टॉम कॉलिन्स या जुन्या कॉकटेलच्या जवळचे आहे. त्याची कृती १८७६ सालापासून छापील स्वरूपात आढळते आणि आजही तिच्यात फारसे बदलण्यासारखे काही नाही. एका उंच ग्लाससाठी मी ४५ मिलिलीटर जिन, २५ मिलिलीटर लिंबाचा रस, २० मिलिलीटर साखरेचा पाक आणि साधारण ७५ मिलिलीटर थंडगार सोडा घेतो. मापाचे भांडे नसेल तर औषधाच्या बाटलीसोबत येणारे, मिलिलीटरच्या खुणा असलेले टोपण धुऊन वापरावे. ते या कामाला उत्तम आहे. लिंबे मोजून घेऊ नयेत, रस मोजावा, कारण लहान पातळ सालीच्या लिंबातून जेमतेम १०-१५ मिलिलीटर रस निघतो आणि मोठ्या पिवळ्या लिंबातून ४० मिलिलीटरपर्यंतही निघू शकतो. ‘एका पेल्याला एक लिंबू’ या हिशेबाने केलेले पेय दर वेळी वेगळे लागते ते यामुळेच.

साखर थेट ग्लासात घालत असाल तर तेही थांबवावे. थंड द्रवात साखर सावकाश विरघळते आणि अल्कोहोलमध्ये तर ती जवळजवळ विरघळतच नाही. मग ती तळाशी बसते, पहिला घोट आंबट लागतो आणि शेवटचा गोडमिट्ट. समान वजनाची साखर आणि पाणी एकत्र करून साखर विरघळेपर्यंतच गरम करावे, उकळत ठेवू नये, कारण पाणी आटले की पाक घट्ट होतो आणि मापाचा अर्थच उरत नाही. असा पाक बंद बाटलीत फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो. थोडा वेळ हाताशी असेल तर रस काढण्याआधी लिंबाची साल पातळ सोलून साखरेत चुरडून तासभर झाकून ठेवावी. साखर सालीतले सुगंधी तेल ओढून घेते आणि ओलसर, पिवळसर होते. या साखरेचा पाक केला आणि गाळून घेतला की नुसत्या रसात कधीच नसतो असा लिंबाचा दरवळ पेयात उतरतो. रसातून आंबटपणा मिळतो, पण लिंबाचा वास बहुतांशी सालीत असतो. साल सोलताना तिच्याखालचा पांढरा थर मात्र येऊ देऊ नये, कारण तो कडू असतो. याच कारणाने लिंबू अगदी पिळवटून काढण्याचा हट्टही धरू नये. रस त्याच दिवशी काढलेला असावा. ठेवलेल्या रसात हळूहळू कडवटपणा उतरतो.

आता बर्फाविषयी. पेय पाणचट होईल या भीतीने अनेक जण ग्लासात दोनच खडे टाकतात आणि नेमका उलटा परिणाम ओढवून घेतात. बर्फ वितळताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि पेय थंड होते ते मुख्यतः या वितळण्यामुळे. खडे दोनच असले तर ते पूर्ण वितळून जातात, सगळे पाणी पेयात मिसळते आणि तरीही पेय पुरेसे थंड होत नाही. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय लवकर गार होते, गार झाल्यावर वितळणे मंदावते आणि चव बराच वेळ टिकते. खडे मोठे आणि फ्रीझरमधून नुकतेच काढलेले असावेत; बाहेर राहून घाम सुटलेल्या बर्फावर आधीच पाणी असते आणि ते फुकटचे पेयात जाते. फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेमध्ये पडून राहिलेल्या बर्फाला इतर पदार्थांचे वास लागतात, आणि इतक्या सौम्य पेयात ते लपत नाहीत.

थोडे पाणी मात्र हवेच. जिन, रस आणि पाक हे मिश्रण सोडा घालण्यापूर्वी बर्फाबरोबर हलवायचे असते, आणि त्यात मिसळणारे पाणी हाही कृतीचाच एक भाग आहे. शेकरऐवजी घट्ट झाकणाची, तडा नसलेली काचेची बरणी घ्यावी, ती बर्फाने निम्म्याहून अधिक भरावी, त्यात तिन्ही द्रव ओतावेत आणि झाकण लावून १० ते १२ सेकंद जोरात हलवावे. बरणीवर बाहेरून धुके धरले आणि हाताला ती बोचरी गार लागली की थांबावे. एवढ्या वेळात मिश्रणात सुमारे चौथा हिस्सा पाणी मिसळते आणि रसाची धार बोथट होते. सोडा बंद बरणीत कधीही घालू नये. हलवल्यावर वायूचा दाब वाढून झाकण उडते.

हे मिश्रण नव्या बर्फाने भरलेल्या ग्लासात गाळावे आणि वरून सोडा ग्लासाच्या कडेने सावकाश ओतावा. सोडा आधीपासून थंड असणे आवश्यक आहे, कारण थंड पाण्यातच वायू नीट धरून राहतो. कोमट सोडा बर्फावर पडताच फसफसून निवतो. चमच्याने एकदाच तळापासून वर उचलल्यासारखे ढवळावे. शेवटी बोटभर लांबीची साल, पिवळी बाजू खाली करून, ग्लासावर धरून दुमडावी. उजेडात पाहिल्यास सालीतून बारीक फवारा उडताना दिसतो आणि पेयावर तेलाचे चमकते ठिपके पसरतात. ही सजावट नव्हे. पहिल्या घोटाच्या आधी नाकाला जाणवते ते हेच तेल.

चव पाहून दुरुस्ती करायची असेल तर ती हलवण्यापूर्वी करावी, आणि त्या वेळी मिश्रण किंचित जास्त गोड लागले तरी घाबरू नये, कारण थंडीमुळे गोडी कमी जाणवते आणि सोड्याने ती आणखी उतरते. चिमटीपेक्षाही कमी मीठ घातले तर कडवटपणा दबतो. जिनऐवजी व्होडका चालते, परंतु मग सुगंधाची सगळी जबाबदारी सालीवर पडते. पांढरी रम घेतल्यास पाक थोडा कमी करावा. मद्य नको असेल तर त्याच्या जागी थंड, फिकट, बिनदुधाचा चहा घ्यावा, म्हणजे नुसत्या सरबतापेक्षा किंचित तुरट आणि भरीव चव मिळते. मद्य घातलेल्या पेल्यात वरील मापाने ९ ते १० टक्के अल्कोहोल असते, म्हणजे ते बिअरपेक्षा बरेच कडक असते, आणि लिंबामुळे ते जाणवत नाही. त्यामुळे घोट सावकाश घ्यावेत आणि नंतर गाडी चालवू नये.

पाहुणे जास्त असतील तर प्रत्येक पेला वेगळा हलवत बसण्याची गरज नाही. आठ जणांसाठी ३६० मिलिलीटर जिन, २०० मिलिलीटर रस आणि १६० मिलिलीटर पाक एकत्र करून, बर्फातून येणाऱ्या पाण्याच्या जागी सुमारे १६० मिलिलीटर थंड पाणी घालावे आणि मिश्रण काही तास फ्रिजमध्ये ठेवावे. सोडा आणि साल मात्र ग्लास हातात देतानाच घालावी.