आधी कमिट, मग रिमोट

तू लिहिलंयस की ऐरोलीच्या कॉलेजचा प्रोजेक्ट तिघांत मिळून करताय, व्हॉट्सअ‍ॅपवर झिप फाइली फिरवून वैतागलात, म्हणून गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) घेतलंत, ‘गिट इनिट’ने ते फोल्डरात सुरू केलंत आणि गिटहब या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे इतिहासासकट प्रोजेक्ट ठेवायची जागा, बनवली. आणि पुश करताना, म्हणजे काम तिकडे पाठवताना, ‘एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी’ असा एरर आला.

याचा अर्थ एवढाच की ‘मेन’ नावाची ब्रँच (कामाची शाखा) तुझ्या मशीनवर नाहीच. गिटहब त्यात कुठेच येत नाही. मूळ रिपॉझिटरी तुझ्याच फोल्डरमध्ये, त्या लपलेल्या डॉट-गिट फोल्डरात असते. लायनस टॉरवाल्ड्सने 2005 मध्ये गिट बनवलं, गिटहब आलं 2008 मध्ये. ठाणे-वाशी लोकलमध्ये नेट गेलं तरी कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करता येते ती रिपॉझिटरी मशीनवरच असल्यामुळे.

‘गिट स्टेटस’ करून बघ. ‘नो कमिट्स येट’ दिसलं तर तेच कारण. इनिटने ब्रँचला फक्त नाव मिळतं, ती जन्माला येते पहिल्या कमिटला. कमिट असूनही अडत असेल तर ब्रँचचं नाव ‘मास्टर’ असणार. गिटहब ऑक्टोबर 2020 पासून नव्या रिपॉझिटरीला ‘मेन’ म्हणतं, तुझ्या मशीनवरचं गिट बहुधा अजून जुन्याच नावाला चिकटून आहे. ‘गिट ब्रँच’पुढे डॅश, कॅपिटल एम आणि ‘मेन’ लिहिलं की नाव बदलतं.

पण ‘गिट अ‍ॅड’ (कमिटसाठी फाइली निवडणं) करायची घाई नको. आधी डॉट-गिटइग्नोर फाइल, म्हणजे गिटने काय वगळायचं त्याची यादी, बनव आणि नोड-मॉड्यूल्स (उतरवलेल्या लायब्ररी), डॉट-ईएनव्ही (पासवर्ड वगैरे ठेवायची फाइल) अशी नावं तिच्यात टाक. विंडोजचं नोटपॅड तिच्या मागे गुपचूप ‘.टीएक्सटी’ चिकटवतं, मग ती फाइल असून नसल्यासारखी. डेटाबेसचा पासवर्ड एकदा कमिटमध्ये गेला की पुढच्या कमिटमध्ये खोडून उपयोग नाही, इतिहासात तो तसाच राहतो. तसं झालंच तर सरळ पासवर्ड बदलायचा. शिवाय 100 एमबीच्या वरची फाइल गिटहब घेतच नाही, तेव्हा डेमोचा व्हिडिओ बाहेरच ठेवा.

नाव आणि ईमेल ‘गिट कॉन्फिग’ने द्यायचं. सगळे ट्यूटोरियलवाले त्यात ‘ग्लोबल’ लिहायला सांगतात. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे. लॅबमधल्या पीसीवर मात्र ते गाळ, नाहीतर त्याच लॉगिनवर बसणाऱ्या पुढच्या बॅचची कमिटं तुझ्या नावावर पडतील. ग्लोबल न लिहिता दिलेलं नाव त्या रिपॉझिटरीपुरतंच राहतं.

आता अ‍ॅड, कमिट, आणि मगच ‘गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन’ लिहून पुढे गिटहबवरचा पत्ता (तोच रिमोट). गिटहबवरची रिपॉझिटरी कोरी हवी. ती बनवताना रीडमी (प्रोजेक्टच्या माहितीची फाइल) या पर्यायावर टिक केली असशील तर दोन्हीकडे वेगवेगळे इतिहास सुरू झाले आणि पुश ‘रिजेक्टेड’ होणार. कोणीतरी ‘फोर्स मार’, म्हणजे तिकडचं पुसून आपलं लाद, असं सांगेल. तिघांच्या रिपॉझिटरीत ती सवय मला अजिबात पसंत नाही, एकाच्या फोर्सने दुसऱ्याचं काम उडतं. तिथे नुसती रीडमीच आहे, तर ती रिपॉझिटरी डिलीट करून कोरी बनव.

पासवर्ड बरोबर असूनही चालत नाही म्हणतोस, तर तो चालणारच नाही. 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहबने कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलंय. टोकन (पासवर्डऐवजी गिटहबने दिलेला कोड) किंवा एसएसएच की (ओळख पटवणारी फाइलींची जोडी) लागते. मी कीच वापरायला सांगेन: ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी25519’. दोन फाइली तयार होतात, त्यातली ‘.पब’वालीच गिटहबवर चिकटवायची. दुसरी कोणालाही द्यायची नाही, प्रोजेक्ट पार्टनरलासुद्धा. आणि रिमोटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’वाला टाकला असशील तर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ने एसएसएचवाला कर, नाहीतर की असूनही पासवर्डच विचारत बसेल. कॉलेजच्या वायफायवर पोर्ट 22 (एसएसएचची वाट) बंद असेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुश कर.

पहिल्या पुशला ‘-यू ओरिजिन मेन’ लाव, पुढे नुसतं ‘गिट पुश’ पुरतं. बाकी दोघांना गिटहबवर कोलॅबोरेटर म्हणून घे आणि सांग, त्यांनी इनिट करायचं नाही, थेट ‘गिट क्लोन’ने रिपॉझिटरीची प्रत उतरवायची. झिपमधून उघडलेल्या जुन्या फोल्डरातही नाही, नव्या जागी.