निकोटिनची शांतता आणि ओपिऑइड यंत्रणा

निकोटिन उत्तेजक असूनही सिगारेटने मन शांत कसे होते आणि त्यामागे मेंदूतील ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारी) द्रव्ये असतील तर ती रोखणाऱ्या नाल्ट्रेक्सोन या औषधाने व्यसन सुटेल का, असे आपण विचारले आहे.

निकोटिन ओपिऑइड ग्राहींवर, म्हणजे ही द्रव्ये टिपणाऱ्या पेशींवरील रचनांवर, स्वतः काम करत नाही. ते ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्याच्या ग्राहींना चेतवते आणि त्यातून डोपामिनबरोबरच बीटा-एंडॉर्फिन, एन्केफॅलिन ही शरीराचीच ओपिऑइड द्रव्ये स्रवतात. त्यांचा परिणाम मुख्यतः म्यू या प्रकारच्या ओपिऑइड ग्राहींमार्फत होतो. उंदरांवरील प्रयोगांत निकोटिनच्या अल्प मात्रेने चिंता कमी होते, मोठ्या मात्रेने वाढते. पण म्यू ग्राही औषधाने आधीच बंद केले, तर अल्प मात्रेचा हा दिलासा मिळत नाही. तेव्हा ही शांतता निव्वळ मनाचा खेळ नव्हे.

मात्र त्याच यंत्रणेत डायनॉर्फिन हेही द्रव्य आहे, आणि माझ्या मते व्यसनाचे खरे मर्म तेथे आहे. तणावात ते स्रवते, कॅपा या दुसऱ्या प्रकारच्या ओपिऑइड ग्राहींवर बसते आणि अस्वस्थता, उदासी निर्माण करते. निकोटिनची सवय झालेल्या प्राण्यांमध्ये निकोटिन बंद केल्यावर दिसणारी चिंता कॅपा ग्राही रोखल्यास कमी होते. माणसाच्या रक्तातील निकोटिन सुमारे २ तासांत निम्मे होते, त्यामुळे नियमित ओढणारा दिवसातून अनेकदा या अस्वस्थतेच्या उंबरठ्यावर येतो, पुढची सिगारेट ती शमवते, आणि जो ताण बऱ्याच अंशी निकोटिन ओसरल्याने आलेला असतो, त्यावरच्या उपायाचे श्रेय सिगारेटला मिळते.

नाल्ट्रेक्सोनचा मुख्य भर म्यू ग्राहींवर असतो, म्हणजे ते दिलाशाची वाट अडवते. धूम्रपान सोडण्यासाठी त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात त्याचा फायदा आढळला नाही. शिवाय ओपिऑइड वेदनाशामक घेणाऱ्याने ते घेतल्यास तीव्र विथड्रॉवल (औषध अचानक तुटल्यावर होणारा शारीरिक त्रास) सुरू होऊ शकते, म्हणून स्वतःच्या मनाने ते मुळीच घेऊ नये. निकोटिनचे पॅच, गम किंवा व्हॅरेनिक्लिन हे धूम्रपान सोडण्याचे औषध यांच्या परिणामकारकतेचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. त्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

सोडल्यानंतरची चिंता साधारण पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि बहुतेकांची २ ते ४ आठवड्यांत निवळते. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार, धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि ताण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत घटलेले आढळले, आणि मानसिक आजार असलेल्यांमध्येही चित्र तसेच होते.