टूरआधी कोणावर नजर ठेवावी?

प्रश्न: जूनमधली दोफिने (२०२६पासून नाव ‘टूर ओव्हेर्न्य-रोन-आल्प’) ही सायकल शर्यत जिंकणारा टूर द फ्रान्सचाही दावेदार मानावा का?

उत्तर: निकाल बघतो, पण त्यावर पैज लावत नाही. चार वेळचा टूर विजेता क्रिस फ्रूम २०१९ मध्ये दोफिनेतच, टाइम ट्रायलचा (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) मार्ग पाहताना पडला आणि टूरला मुकला. मी आधी मार्ग वाचतो, मग संघ: शेवटच्या चढावर सोबतीला कोण उरणार? अर्थात २०२० मध्ये याच हिशेबाने तोंडघशी पडलो. टूरमध्ये पुढे असलेल्या रॉग्लिचचा संघ तगडा, हाती ५७ सेकंदांची आघाडी, मी निर्धास्त. विसाव्या टप्प्यात ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल होती, शेवट चढावर. तिथे संघ काय कामाचा? एकवीस वर्षांच्या पोगाचारने आघाडीच्या सायकलपटूची पिवळी जर्सी त्याच्याकडून हिसकावली. आता टाइम ट्रायल कितव्या दिवशी आहे, हे आधी बघतो.