सहावी ते आठवीच्या मुलांना बातमीतला पक्षपात ओळखायला कसे शिकवावे?

मी नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. तुम्ही विचारलेले हे काम नागरिकशास्त्रापेक्षा व्याकरणाच्या तासाला अधिक सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. ‘पक्षपात’ हा शब्द फळ्यावर लिहून सुरुवात केली की मुले घरी ऐकलेली राजकीय मते बोलू लागतात आणि तास हातचा जातो. त्याऐवजी एकाच घटनेच्या, दोन वेगवेगळ्या वृत्तपत्रांतल्या बातम्या त्यांच्या हाती द्याव्यात.

आमच्याकडे त्यासाठी डिसेंबर उत्तम. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि पोलिस त्यांना विधानभवनाच्या अलीकडेच अडवतात. अशाच एका मोर्चाची दोन कात्रणे मी सातवीत वाटली होती. एकाचा मथळा होता ‘मागण्यांसाठी हजारो महिला रस्त्यावर’, तर दुसऱ्याचा ‘मोर्चाने शहर वेठीस, रस्ते बंद करावे लागले’. दोन्ही बातम्यांत तारीख, ठिकाण आणि मागण्या सारख्याच होत्या. मुलांनी हा सारखा भाग आधी पेन्सिलीने अधोरेखित केला. मग एका मुलीने विचारले, ‘‘सर, करावे लागले म्हणजे केले कोणी?’’ माझा पुढचा अर्धा तास तिनेच घेतला, असे म्हणायला हरकत नाही. ‘पोलिसांनी रस्ते बंद केले’, ‘रस्ते बंद केले गेले’ आणि ‘रस्ते बंद करावे लागले’ ही तीन वाक्ये फळ्यावर मांडल्यावर दुसऱ्या वाक्यात कर्ता गळतो आणि तिसऱ्यात तो गळून वर त्याची नाइलाजाची सबबही येते, हे मुलांनी स्वतःच सांगितले. ‘वेठ’ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम, हा अर्थ मात्र मला सांगावा लागला. तो कळल्यावर, शहराकडून नेमके कोणते काम करून घेतले, असे मागच्या बाकावरून विचारण्यात आले.

अग्रलेखात मत असते आणि ते उघड असते, त्यामुळे त्याला पक्षपाती म्हणू नये, हे मुलांना एकदा स्पष्ट सांगावे. बातमीसारख्या मजकुराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे छापलेले असते, तेही शोधायला लावावे. वृत्तपत्रावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यापासून चालत आली आहे. ती ओळ दाखवल्यानंतर व्हॉट्सॲपवरच्या निनावी मजकुराविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

दोन-तीन तासांनंतर मुले ‘सगळेच पेपर खोटे’ म्हणू लागतात. तेव्हा अधोरेखित केलेल्या ओळींकडे परत न्यावे: दोन्ही वृत्तपत्रांना मान्य असलेला भाग किती मोठा आहे, ते तेथे दिसते.

माझी एक चूकही सांगतो. पहिल्या वर्षी कात्रणे मीच निवडत असे. दिवाळीनंतर एका मुलाने ती सारी वहीत ओळीने चिकटवून दाखवली आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्या कात्रणांत महानगरपालिका प्रत्येक वेळी चुकलेलीच असते.’’ त्याचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून दर सोमवारी मुलेच आपापल्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रातून कात्रण आणतात आणि जोडीचे दुसरे कात्रण शाळेच्या वाचनालयातून शोधतात.