सतत थकवा येतो, 'ॲड्रिनल फटीग' आहे असं सांगितलंय. लाळेची कॉर्टिसॉल टेस्ट करून सप्लिमेंट सुरू करू का?

तुमच्या प्रश्नात थकवा, लाळेची टेस्ट आणि सप्लिमेंट यांवर भरपूर लिहिलंय आणि शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "दम्यासाठी पाच महिने प्रेडनिसोलोन चालू होती, साइड इफेक्टच्या भीतीने मागच्या महिन्यात स्वतःच बंद केली." प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. खरा मुद्दा त्याच ओळीत आहे.

कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन. ते किती बनवायचं हे ॲड्रिनल, म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन ग्रंथी, स्वतः ठरवत नाहीत. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचं हार्मोन सुटतं, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन सोडते, आणि ते पोचलं की ॲड्रिनल कॉर्टेक्सचा (ग्रंथीच्या बाहेरच्या भागाचा) मधला थर कॉर्टिसॉल बनवतो. धडधाकट माणसात दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅम, सकाळी सगळ्यात जास्त, मध्यरात्री अगदी नगण्य. 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल. एवढं बाहेरून रोज मिळत राहिलं की पिट्यूटरी एसीटीएच सोडणं थांबवते आणि त्याच्याविना तो मधला थर आक्रसतो. गोळी बंद केल्यावर औषध दोन दिवसांत रक्तातून जातं. पिट्यूटरी आणि ॲड्रिनल पूर्ववत व्हायला मात्र कित्येक आठवडे ते महिने लागतात, काहींना वर्षभर. मधल्या काळात शरीरात ना बाहेरचं स्टेरॉइड असतं ना स्वतःचं.

गोळी सोडल्याने कॉर्टिसॉल कमी पडलंय हे निदान हमखास का निसटतं? सगळ्यांच्या डोक्यात ॲडिसनचं चित्र पक्कं बसलेलं असतं. थॉमस ॲडिसनने 1855 मध्ये वर्णन केलेल्या आजारात ग्रंथीच नष्ट होते, टीबीमुळे किंवा ऑटोइम्यून कारणाने. तिथे एसीटीएच प्रचंड वाढतं, त्यामुळे तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडतात. शरीरातलं मीठ-पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरॉन हे ॲड्रिनलचं हार्मोनही जातं, म्हणून पोटॅशियम चढतं आणि खारट खावंसं वाटतं. गोळ्या बंद केल्याने होणाऱ्या प्रकारात यातलं काही नसतं. अल्डोस्टेरॉन बनवणारा बाहेरचा थर एसीटीएचच्या नव्हे, तर रेनिन (मूत्रपिंडातून सुटणारा पदार्थ) आणि पोटॅशियमच्या हुकमावर चालतो, तो शाबूत राहतो. त्वचा नेहमीसारखी, पोटॅशियम नॉर्मल, फार तर सोडियम थोडं कमी. मग "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पेशंटची बोळवण होते.

पुढचा क्रम आम्हाला पाठ आहे. दोन-तीन आठवडे सकाळी अंथरुणातून उठवत नाही, भूक मेलेली, वजन उतरतंय, सांधे दुखतात, उभं राहिलं की भोवळ. घरचे म्हणतात, स्टेरॉइड अंगातून निघतंय, डिटॉक्स होतंय, थोडं सोस. एक दिवस साधा ताप येतो किंवा जुलाब-उलट्या सुरू होतात. अशा वेळी निरोगी ॲड्रिनल कॉर्टिसॉलचं उत्पादन कित्येक पटींनी वाढवतात. यांच्याकडे वाढवायला काहीच नसतं. वरचं बीपी 80 वर येतं, साखर उतरते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. गॅस्ट्रो समजून सलाइन लावतात, बीपी थोडं वर येतं आणि पुन्हा घसरतं. कोणीतरी "आधी स्टेरॉइड चालू होतं का?" असं विचारेपर्यंत तास जातात. त्या वेळी लागतं ते 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, शिरेतून, आणि शीर सापडत नसेल तर मांडीच्या स्नायूत. सोबत पहिल्या तासात लिटरभर नॉर्मल सलाइन, नंतर 24 तासांत 200 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन. रक्त आधी काढून ठेवावं, पण रिपोर्टची वाट पाहत इंजेक्शन अडवून ठेवू नये.

म्हणून तुम्ही करायचं ते हे. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, गोळी कधीपासून, किती मिलिग्रॅम, कधी बंद केली हे कागदावर लिहून न्या. सकाळी 8 ते 9 दरम्यान रक्तातलं कॉर्टिसॉल करा, लाळेचं नको. 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी बहुधा सावरल्या आहेत. 5 च्या खाली असेल तर गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू करावी लागेल. मधलं आलं तर काही आठवड्यांनी परत टेस्ट किंवा एसीटीएचचं इंजेक्शन देऊन करायची टेस्ट. दुपारी चारला काढलेल्या कॉर्टिसॉलवरून काही ठरत नाही. उलट्या थांबत नसतील, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर टेस्टबिस्ट राहू द्या, थेट इमर्जन्सीत जा आणि पहिल्याच वाक्यात "स्टेरॉइड बंद केलंय" हे सांगा.

आता 'ॲड्रिनल फटीग'. असा आजार नाही. ताणाने ग्रंथी दमते आणि कमी हार्मोन बनवते याला पुरावा नाही. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी 58 अभ्यास तपासले आणि हाच निष्कर्ष काढला. तुमचा थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याला हे नाव चिकटवलं की खरं कारण शोधणं थांबतं, माझा आक्षेप त्याला आहे. सप्लिमेंट तर अजिबात नको. 'ॲड्रिनल सपोर्ट' नावाने विकली जाणारी 12 उत्पादनं एका अभ्यासात तपासली, बाराही उत्पादनांत थायरॉइडचं टी3 सापडलं आणि सातमध्ये स्टेरॉइड हार्मोन. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉइड हार्मोन पोटात जाणं धोक्याचं, कारण त्याने उरलंसुरलं कॉर्टिसॉल अजून वेगाने संपतं.

"स्टेरॉइड म्हणजे विष" असं ठासून सांगणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. जास्त मात्रेत, जास्त काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो, हे खरंच आहे. त्यावर उपाय म्हणजे मात्रा उतरवत नेणं. 5 मिलिग्रॅमपर्यंत तुलनेने भराभर उतरता येतं, त्याखाली दर काही आठवड्यांनी 1 मिलिग्रॅम. एका झटक्यात सोडायला सांगणारा माणूस समोरच्याचा जीव पणाला लावतो, आणि परिणाम भोगायला तो स्वतः तिथे नसतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईचं रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल फसवं जास्त दिसतं, तेव्हा आकडा वाचताना ते लक्षात घ्यावं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर स्टेरॉइड लवकर संपतं, मात्रा वाढवावी लागते. तुमचा इनहेलर यात गोवू नका, तो चालूच ठेवा. जास्त मात्रेच्या इनहेलरनेही ग्रंथी मंदावू शकतात, पण तो हिशोब डॉक्टर करतील. आणि दम्याच्या अटॅकसाठी पाच-सात दिवसांचा एखादाच कोर्स घेतलेल्यांनी हे वाचून घाबरू नये. तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी घेतलेली गोळी सहसा न उतरवता थांबवता येते. असे कोर्स वर्षात वारंवार झाले असतील तर मात्र त्यांनीही विचारून घ्यावं.