धडा शोधायची घाई करू नकोस

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला आणि म्हटलं उत्तर लिहूनच द्यावं, कारण फोनवर आपलं बोलणं नेहमी भलतीकडेच जातं. तू विचारलंस की रविवारी चर्चमध्ये जे ऐकते ते सोमवारी कुठे गायब होतं, आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतून देव काय शिकवतोय हे ओळखायचं तरी कसं. रोज एक धडा वहीत लिहायचा नेम पण केलास आणि आता तुलाच ते सगळं ओढूनताणून वाटायला लागलंय, म्हणजे लिफ्ट बंद पडली की धीर धर, बस चुकली की देवाची वेळ वेगळी असते, चार्जर हरवला की जगिक गोष्टींत जीव अडकवू नकोस. खरं सांगू, हे वाचून मला बरं वाटलं. खोटं खोटं लिहिलेलं तुला टोचतंय ना, मग काळजी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की धडा नंतर, आधी नीट बघायला शिक.

येशूचे दाखलेच घे ना, म्हणजे त्याने शिकवताना सांगितलेल्या छोट्या गोष्टी. आपण ते लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेत की त्यात किती बारीक बघितलेलं आहे हे लक्षातच येत नाही. बायबलमध्ये लूक 3:23 मध्ये आहे की त्याने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता, म्हणजे त्याआधीचं बहुतेक आयुष्य नासरेथसारख्या छोट्याशा गावात गेलं आणि तिथले लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखायचे (मार्क 6:3). तेवढी वर्षं तो बघत होता असं मला वाटतं. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर ते आटून आणखी मोठं फाटतं, हे ज्याने बघितलंय तोच बोलू शकतो. मत्तय 11 मध्ये बाजारात खेळणारी पोरं आहेत बघ, आम्ही पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाहीत, आम्ही रडलो तर तुम्ही ऊर बडवले नाहीत म्हणून एकमेकांवर रुसलेली, आता हे रुसणं ऐकायला कोणीतरी तिथे थांबलं असणार ना!

आणि लूक 15 मधली ती बाई. तिच्याकडे दहा नाणी होती, एक हरवलं. ते नाणं म्हणजे द्राख्मा, साधारण एका दिवसाची मजुरी, म्हणजे हरवलं तर पोटात गोळा येईल एवढं नक्कीच. ती काय करते? दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत मन लावून शोधते. एवढंच. पण तू जरा थांब आणि बघ, खाली वाकलेली बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात केरसुणी, कोपरा न् कोपरा, आणि प्रत्येक वेळी कचऱ्यात काही चमकतंय का म्हणून थांबणारी नजर. सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना हाका मारते, एका नाण्यासाठी! आणि हरवलेल्या माणसासाठी देवाला कसं वाटतं हे सांगायला येशूने ही बाई घेतली. त्याच अध्यायात मेंढपाळ आहे, बाप आहे, त्यांची चित्रं आपण भिंतीवर लावतो, आणि ही मधली बाई मात्र पटकन वाचून पुढे जातो. मला तर हा सगळ्यात धीट दाखला वाटतो. देवाला केर काढताना दाखवायची हिंमत त्यानेच करावी.

म्हणून तुझ्या वहीबद्दल माझा सल्ला हा की धडे लिहिणं काही दिवस बंद कर. वही फेकू नकोस, वही हवीच आहे. रात्री पाच-दहा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि दिवस सकाळपासून हळूहळू परत बघायचा, कोण भेटलं, कोण काय बोललं, मन कुठे हलकं झालं, कुठे आपण तोंड फिरवलं. 16 व्या शतकात इग्नेशियस लोयोला या कॅथलिक संतांनी त्यांच्या लोकांना अशीच सवय लावली होती, आधी आभार, मग उजेड मागायचा, मग दिवस तपासायचा, मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी प्रार्थना. तू फक्त जे दिसलं ते लिही, त्याचा अर्थ लिहू नकोस. महिनाभराने परत वाच. ज्यात काही असेल ते आपोआप वर येईल आणि ज्यात नसेल ते राहू दे, बस चुकली म्हणजे कधी कधी फक्त बस चुकलेली असते.

माझ्या घरचं सांगते. माझ्या सासूबाईंची आठवण जायला लागली तेव्हा संध्याकाळ झाली की त्या विचारायच्या, आपण घरी कधी जायचं गं? मी म्हणायची, आई आपण घरीच आहोत. त्या मान हलवायच्या, पदर सारखा करायच्या, दारापर्यंत जाऊन यायच्या आणि परत तेच, घरी कधी जायचं गं. बरेच महिने असं चाललं. लोक म्हणायचे देव तुला सहनशीलता शिकवतोय, असेलही, पण त्या वाक्याने मला काहीच मिळालं नाही. मग कधीतरी सकाळी बायबलमधलं स्तोत्र 13 वाचत होते, त्यात पहिल्या दोन वचनांत चार वेळा कुठवर, कुठवर विचारलंय, आणि मला एकदम आई आठवल्या. तोच प्रश्न परत परत, आणि तिकडे कोणी वैतागून गप्प बस म्हणत नाहीये. नंतर स्तोत्र 136 काढलं, तिथे 26 वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाला तेच उत्तर, त्याची दया सनातन आहे. एकच गोष्ट 26 वेळा सांगायला देवाला जड जात नाही. त्यानंतर आईंना उत्तर देताना माझा आवाज बदलला, एवढं मी नक्की सांगू शकते. पण हे समजायला मी आधी ते महिने जगले होते आणि स्तोत्र पण माझ्या रोजच्या वाचनात होतं, दोन्हीपैकी एक जरी नसतं तरी काही घडलं नसतं.

वाचनावरून आठवलं, स्तोत्र 19 बघ आणि त्याचा क्रम बघ. पहिल्या सहा वचनांत आकाश आणि सूर्य, सातव्यापासून देवाचं नियमशास्त्र, आणि बाराव्यात तो माणूस एकदम स्वतःकडे वळतो, माझ्या चुका मलाच कुठे कळतात, माझे छुपे दोष मला माफ कर. म्हणजे बाहेर बघितलं, मग वचनात बघितलं आणि मग आत बघितलं. धडा खरा आहे का हे मी याच रस्त्याने तपासते. वचन मधून काढून टाकलं की सृष्टीत आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो, जे करायचं मनात असतं तेच देव सांगतोय असं वाटायला लागतं. म्हणून सिग्नल हिरवा मिळाला म्हणजे देवाचा होकार, डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट पडलं ते वचन आजचं, असलं काही करू नकोस, मला ते अजिबात पटत नाही. आणि शेवट आपल्याकडे वळला नाही, तो धडा शेजारणीला किंवा भावाला लागू पडतोय असं वाटलं, तर तो बहुतेक धडा नसतोच.

यात सगळ्यात जास्त जपायचं ते दुसऱ्याच्या दुःखात. बायबलमधल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेवढे सात दिवस ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत, आणि गंमत नाही ही, ते सगळे देवाचीच बाजू घेऊन बोलत होते. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, येशू म्हणाला दोघांनीही नाही (योहान 9). यरुशलेमजवळ शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हाही त्याने मेलेल्यांचा हिशोब काढू दिला नाही, ऐकणाऱ्यांनाच म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. तुझ्या मैत्रिणीचं बाळ गेलं तेव्हा कोणीतरी तिला यात देवाची योजना आहे असा मेसेज पाठवला आणि तुला राग आला असं तू लिहिलंस. राग योग्य होता. तू तिच्याकडे जाऊन बसलीस, भांडी घासून दिलीस, काही बोलली नाहीस आणि आता तुला वाटतंय आपण साक्ष द्यायला हवी होती. नाही गं. तू ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस केलेस, आता आठवा दिवसही तसाच कर.

आणि रोज नवीन काही सापडलंच पाहिजे ही धास्ती मनातून काढ. 17 व्या शतकात फ्रान्समध्ये ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे मठवासी होऊन गेले. 18 वर्षांचे असताना हिवाळ्यात त्यांनी एक पानं गळलेलं झाड बघितलं आणि मनात आलं, थोड्या दिवसांनी याला परत पालवी फुटेल, फुलं येतील, फळं येतील. बस. त्यातून देवाचं सामर्थ्य आणि काळजी त्यांना जी दिसली ती पुढे आयुष्यभर पुसली गेली नाही. 1691 मध्ये ते वारले. मधली बरीच वर्षं पॅरिसच्या मठाच्या स्वयंपाकघरात गेली, तेही ते काम त्यांना मुळात आवडत नसताना, आणि त्या कामातच ते देवाशी बोलत राहिले. एका झाडावर एवढं आयुष्य निघालं बघ. तुलाही एखादीच गोष्ट मिळेल कदाचित, पण ती पुरवून वापर.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो तू सगळ्यात खाली, घाईघाईत लिहिलास. ऑफिसमध्ये तो सिनियर सगळ्यांसमोर तुझा अपमान करतो, आणि यातून देव मला नम्रता शिकवतोय का, असं तू विचारतेस. बेटा, मी तुला हो म्हणणार नाही. दुसरा गाल पुढे कर असं शिकवणाऱ्या येशूलाच प्रमुख याजकासमोर एका शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, शांतपणे विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस (योहान 18:23). त्याने उलट मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, पण चूक ती चूक म्हणाला. तूही तसं विचारू शकतेस. कुठल्या दिवशी काय बोलला, तिथे कोण कोण होतं हे तारखेसकट लिहून ठेव, त्याच वहीत लिही, आणि मग एचआरकडे किंवा त्याच्या वरच्या माणसाकडे जा, एकटी जाऊ नकोस, जी कलीग तुझ्या बाजूने उभी राहते म्हणालीस तिला घेऊन जा. जायच्या आदल्या रात्री मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत, आपण दोघी प्रार्थना करू आणि तू काय बोलणार आहेस ते एकदा मला म्हणून दाखव.

तुझी,
मावशी