शिकवायचे पैसे घेऊ का? गोल्फ खेळणाऱ्या एका मुलाच्या पत्राला उत्तर

नाव टाकू नका म्हणालास म्हणून टाकत नाही. बाकीच्यांना कळावं म्हणून पत्र थोडक्यात सांगतो. वडील पुण्याजवळच्या एका गोल्फ कोर्सवर गवत कापायच्या कामाला, तू दहावीपासून शनिवार-रविवारी तिथेच कॅडी, मेंबर लोकांच्या बॅगा उचलता उचलता स्वतःच खेळायला शिकलास, आज हॅन्डिकॅप ३ (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला), आणि बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहेस. आता एक मेंबर म्हणतोय की माझ्या दोन पोरांना दर रविवारी शिकव, महिन्याला पाच हजार देतो, आणि कॉलेज कशाला, सरळ प्रो हो, म्हणजे पैशासाठी खेळणारा प्रोफेशनल. आई म्हणते घे. बाबा काहीच बोलत नाहीत.

आईचं चुकतंय असं मी अजिबात म्हणणार नाही, पाच हजारात घरचा किराणा भरतो. पण त्या मेंबरने तुला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. समोर उभं राहून एखाद्याची ग्रिप-स्विंग नीट करून द्यायचे पैसे घेतलेस की तुझं अमॅच्युअर स्टेटस, म्हणजे हौशी खेळाडू म्हणून असलेली मान्यता, गेलं. रोख नको, त्याबदल्यात जुना सेट द्या, असंही नाही चालत, मोबदला तो मोबदला. स्टेटस परत मिळवायला अर्ज करता येतो, पण तोवर अमॅच्युअर स्पर्धा बाहेरून बघायच्या.

आता चिक इव्हान्स या अमेरिकन गोल्फरचं सांगतो, कारण तुझं पत्र वाचताना सारखा तोच डोळ्यासमोर येत होता. जन्म १८९०, इंडियानापोलिसचा, लहानपणीच घर शिकागोला आलं आणि पोरगा एजवॉटर गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून राबायला लागला, अगदी तुझ्यासारखाच. त्या काळी यूएसजीएचा (अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेचा) नियम असा की सोळा वर्षांनंतर कॅडीचे पैसे घेतले की तुम्ही प्रोफेशनल. म्हणून सोळाव्या वर्षी त्याने बॅग खाली ठेवली. म्हणजे हातातली कमाई सोडली, आणि त्या वयात कुठे काही जिंकेल याची कसली गॅरंटी होती?

लगेच जिंकलाही नाही. १९१२ ला यूएस अमॅच्युअरच्या फायनलमध्ये जेरोम ट्रॅव्हर्सने हरवलं, १९१४ च्या यूएस ओपनमध्ये वॉल्टर हेगनपेक्षा एक, फक्त एक स्ट्रोक (फटका) जास्त लागला. मग १९१६ आलं. मिनियापोलिसच्या मिनिकाहडा क्लबवर यूएस ओपन, चार राउंडचे मिळून २८६ फटके, आणि बॅगेत हिकरी लाकडाच्या दांड्याच्या फक्त सात स्टिक्स! (तू पत्रात सेटमधल्या चौदा स्टिक्स पूर्ण नाहीत म्हणून रडलायस ना, म्हणून मुद्दाम सांगितलं.) तो २८६ चा रेकॉर्ड १९३६ पर्यंत टिकला. त्याच वर्षी मेरियनला यूएस अमॅच्युअरही त्यानेच मारली. एका वर्षात दोन्ही जिंकणारा तो पहिला, आणि त्याच्यानंतर हे फक्त बॉबी जोन्सला जमलं, १९३० मध्ये.

पण मी करिअरवाला माणूस, मला यातलं दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत तो गेला होता पण पैशाअभावी शिक्षण अर्धवट सुटलं. पुढे गोल्फ शिकवणाऱ्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स काढल्या, त्याचे पैसे यायला लागले, आणि ते खिशात टाकले असते तर अमॅच्युअरपण संपलं असतं. तर त्याने ते वेस्टर्न गोल्फ असोसिएशनकडे ठेवले, आईच्या सांगण्यावरून, कॅडी मुलांच्या शिक्षणासाठी. १९३० ला पहिले दोन कॅडी त्याच नॉर्थवेस्टर्नला गेले, जिथून हा स्वतः अर्धवट बाहेर पडला होता. ती इव्हान्स स्कॉलरशिप आजही चालू आहे (तिकडच्या क्लबांवर कॅडी केलेल्यांसाठी, तुला अर्ज करता येणार नाही, आधीच सांगतो). स्वतःचं पोट मात्र त्याने नोकरीवर भरलं, दुधाच्या विक्रीत होता, आणि खेळत राहिला, यूएस अमॅच्युअर ५० वेळा खेळला.

गंमत म्हणजे आजचा नियम इव्हान्सच्या रेकॉर्ड्ससारख्या गोष्टीला सैल आहे. सगळ्यांसाठी म्हणून यूट्यूबवर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बॉल कसा काढायचा हा व्हिडिओ टाकलास आणि त्याचे पैसे आले तर चालतं, त्या दोन पोरांना समोर शिकवायचे मात्र नाही चालत. आणि कॅडी फीचा आज काही प्रॉब्लेम नाही, ती बिनधास्त घे. तर त्या मेंबरला नम्रपणे सांग की शिकवायचे पैसे नकोत, तुमची मुलं खेळायला येतील तेव्हा त्यांची बॅग मी घेतो, कॅडी फी द्या. चिडला तर चिडला.

प्रो व्हायचं म्हणशील तर हॅन्डिकॅप ३ वर नाही रे. पीजीटीआयच्या (भारतातल्या प्रो स्पर्धांच्या टूरच्या) क्वालिफायिंगला येणारे चांगले खेळाडू प्लसमध्ये, म्हणजे शून्य हॅन्डिकॅपपेक्षाही चांगले असतात, एन्ट्री फी, प्रवास, राहणं, सगळं स्वतःच्या खिशातून, आणि कट चुकला, म्हणजे स्पर्धेच्या मध्यावर बाहेर पडलास, की हातात शून्य. अली शेर दिल्लीत कॅडी होते आणि १९९१ ला इंडियन ओपन जिंकले, हे तुला कोणीतरी सांगेलच. खरंच आहे. पण तुझ्याच कोर्सवर तीस-तीस वर्षं बॅग उचलणारे कितीतरी काका तुलाही माहीत आहेत, त्यांचं कोण सांगणार?

बीकॉमची तीन वर्षं पूर्ण कर, तोवर अमॅच्युअर स्पर्धा खेळ. तेव्हाही खेळ प्लसमध्ये गेला नसेल आणि शिकवणं आवडत असेल तर नॅशनल गोल्फ अकॅडमीचा कोचिंगचा कोर्स कर, मग उघड उघड फी लावून शिकव, तेव्हा पाच हजारांपेक्षा कमी माग असं मीच म्हणणार नाही.

आणि बाबांना एकदा विचार. ते रोज पहाटे त्या ग्रीन्सवर असतात, तुझं पटिंग त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पुढच्या पत्रात नुसता हॅन्डिकॅप नको, गेल्या वीस राउंडचे स्कोअर पाठव, वारा होता त्या दिवसाचे पण.